तंबू, तळं आणि अण्णांचा हिशोब

"तंबूत? कशाला बाबा? एवढा फ्लॅट घेतलास की."

"अण्णा, यंदा आपण सगळे मिळून तळ्याकाठी तंबूत राहायला जायचं," असं मी फोनवर मोठ्या उत्साहात जाहीर केलं, त्यावरची ही पहिली प्रतिक्रिया. दुसरी मागून आईची आली, "संडासची सोय हाय का विचारा त्याला आधी."

मंडळी, पुढच्या तीन आठवड्यांत मी जे काही प्लॅनिंग केलं, एक्सेल शीटच्या ज्या सात आवृत्त्या काढल्या, त्या सगळ्यांचं सार या दोन वाक्यांत आधीच आलं होतं. पण आम्ही पडलो इंजिनिअर. रिक्वायरमेंट पहिल्याच फोनवर कळली तर मग आमचा पगार कशासाठी? :-)

तर झालं असं, की नोकरीला लागलो त्या वर्षापासून मी घरच्यांना "तुम्हाला फिरायला नेतो" म्हणतोय. आधी कोविड आडवा आला, मग एक रिलीज, मग दुसरं रिलीज, मग फ्लॅटचा हप्ता. आम्ही उदगीरचे. लातूर जिल्ह्याचं हे टोक, पलीकडे कर्नाटक. 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते हेच उदगीर, आणि 2022 चं मराठी साहित्य संमेलन झालं तेही इथंच. पण उदगीरच्या माणसाला विचाराल तर तो आधी मोंढ्याचं नाव घेईल. आमचे अण्णा त्या मोंढ्यात एका अडत दुकानावर तीसेक वर्षं मुनीम होते. हंगामात रात्री दहापर्यंत पट्ट्या लिहायच्या. फिरायला जाणं म्हणजे पाहुण्यांचं लग्न, नाहीतर तुळजापूर. मुद्दाम पैसे खर्च करून कुठंतरी नुसतं बसायला जायचं, हा प्रकार आमच्या घरात नव्हताच.

दोन वर्षांपूर्वी आमची टीम पवना तळ्यावर गेली होती. तंबू, शेकोटी, एका बाजूला तिकोना, एका बाजूला तुंग, सकाळी पाण्यावर धुकं. तेव्हाच डोक्यात बसलं, की आई-अण्णांना इथं आणायचं. यंदा दिवाळीनंतर सोयाबीनची आवक ओसरली (अण्णा निवृत्त झालेत, पण हंगामात दुकानावर चक्कर मारल्याशिवाय त्यांना झोप येत नाही), ताईच्या पोरीला शाळेची सुट्टी जुळली आणि मी शीट उघडलं. माणसं सहा: आई, अण्णा, ताई, दाजी, सहा वर्षांची भाची आणि अस्मादिक.

पहिल्या आवृत्तीत माझी झेप अमेरिकेपर्यंत गेली होती. तिकडं लोक घरासारखी गाडी घेऊन तळ्याकाठी जातात, गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा. आमच्या ऑनसाईटच्या मित्रांचे फोटो बघून बघून माझ्या मनात ते भरलेलं. आपल्याकडंही महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे अशा गाड्या आणि त्या उभ्या करायला पाणी-विजेची सोय असलेल्या जागा. म्हटलं बघू. चौकशी केली. भाड्याचा आकडा ऐकून आधी पाणी प्यायलो. वर झोपायची सोय चौघांची, आम्ही सहा. आणि मावळातल्या त्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तर ते धूड मागं कोण घेणार?

अण्णांना फोनवर ही गाडी समजावून सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बैलगाडीच की."

मी हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. आमचे आजोबा दरवर्षी माळेगावच्या यात्रेला गाडी जुंपून जायचे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षात भरते, जनावरांचा मोठा बाजार. गाडीत ज्वारीचं पीठ, चटणी, बैलांना कडबा, वाकळा, एक कंदील. तिथं गाडी सोडायची, गाडीखाली अंथरायचं, तीन दगडांची चूल मांडायची. चार-पाच दिवस मुक्काम. अण्णा लहानपणी त्या गाडीखाली झोपलेले. भाडं शून्य. आणि मी त्यांना कॅम्पिंग शिकवायला निघालो होतो!

कॅराव्हॅन रद्द. दुसऱ्या आवृत्तीपासून तंबू.

इथून पुढं जरा कामाचं सांगतो, म्हणजे कुणी आई-वडिलांना घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल. तळ्याकाठचा तो गोल तंबू दिसायला छान, पण त्यात वाकून, गुडघ्यावर रांगत शिरावं लागतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आईच्या गुडघ्यांनी मात्र तो तंबू फोटोतच नापास केला. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला चेन उघडा, रांगा, चपला शोधा, अंधारात उतार उतरा, हे शक्य नाही. म्हणून जागा बघताना मी प्रश्नांचा क्रम उलटा केला. आधी संडास: तंबूपासून किती पावलांवर, कमोड आहे का, वाटेवर दिवा आहे का. मग झोपायची जागा: एखादी पक्की खोली, खाट आहे का. मग जेवण. आणि सगळ्यात शेवटी "व्ह्यू". सात जागांना फोन केले. व्ह्यू सगळ्यांकडं होता, कमोड तिघांकडं, खोली आणि कमोड दोन्ही एकाकडं. निर्णय झाला. माणशी 1500 रुपये, संध्याकाळचा चहा, जेवण, सकाळचा नाश्ता धरून. अण्णांनी फोनवरून पोरीचं अर्धं करायला लावलं.

दुसरी गोष्ट थंडी. नोव्हेंबरअखेर दुपारी ऊन असतं म्हणून आपण फसतो. रात्री पाण्यावरून वारा येतो आणि जमिनीतून गारठा चढतो. पांघरूण एक कमी चालेल, पण अंगाखाली जाड काहीतरी हवं. आईने तीन वाकळा आणल्या. मी म्हटलं होतं, "अगं तिथं सगळं देतात." तिने ऐकलं नाही हे फार बरं झालं. तिसरी गोष्ट पाणी. या धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. काठ सपाट दिसतो पण पुढं एकदम खोल होतो, तळाशी गाळ आहे. पोहता येणारी माणसंही बुडाली आहेत. भाचीला निघतानाच सांगितलं, दाजींना दोनदा सांगितलं.

मंडळी बीदर-मुंबई गाडीने रात्री उदगीरहून निघून सकाळी पुण्यात उतरली. ताई-दाजी पोरीला घेऊन लातूरला त्याच गाडीत चढले. माझ्याकडं आंघोळी, चहा, आणि सोबत आलेल्या धपाट्यांचा फडशा. दुपारी भाड्याची मोठी गाडी करून कामशेतवरून पवनानगर, आणि मग धरणाला वळसा घालून पलीकडच्या काठावर. एका वळणावर अचानक सगळं पाणी समोर आलं. भाची ओरडली. आई काहीच बोलली नाही. ती बराच वेळ खिडकीतून बघत राहिली आणि मग म्हणाली, "नोव्हेंबर संपत आला ना रे? अजून एवढं पाणी?"

मला वाटलं होतं आई म्हणेल, किती छान. पण आमच्या भागातलं माणूस तळं बघितलं की आधी किती भरलंय ते बघतं. वर्तमानपत्रात आम्ही क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा धरणाचा टक्का बघत मोठे झालो. नळाला पाणी आलं की घरात लग्नघराची धावपळ. पिंप, घागरी, हंडे, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबे. कपडे धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला. इथं संध्याकाळी हातपाय धुवायला कॅम्पवाल्या पोराने गरम पाण्याची बादली आणून दिली. आईने अर्ध्या बादलीत आटोपलं आणि उरलेली ताईला दिली. समोर अख्खं धरण होतं.

कॅम्पवाला पोरगा माझ्याच वयाचा. त्याचे आई-वडील स्वयंपाक बघतात, तो बाकीचं. चहा घेताना अण्णांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "जमीन तुमचीच का?"

मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण मोंढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला समोरच्याचा सातबारा कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तो पोरगा हसला आणि म्हणाला, "ही वरची पट्टी आमची. खरी जमीन तिथं हाय," आणि त्याने पाण्याकडं बोट केलं. एक नाव बांधलेली होती, तिच्याही पलीकडं. आजोबांची भातशेती. 1972 ला धरण झालं, त्यात ती गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, तेव्हा लोक दर्शनाला जातात, आणि म्हातारी माणसं आपापली शेतं कुठं होती ते दाखवतात. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं गाडं किती वर्षं अडलं ते मावळात कुणालाही विचारा. ज्यांच्या शेतावर पाणी आलं, त्यांचा नातू आता त्याच पाण्याच्या काठाला तंबू लावतो आणि आम्ही हिंजवडीची माणसं वीकेंडला त्याचं भाडं देतो.

आई उठून सरळ चुलीकडं गेली. आईच्या मामांची जमीन अशीच लिंबोटीच्या धरणात गेलेली. लिंबोटी म्हणजे मन्याड नदीवरचं, लोहा तालुक्यातलं धरण. त्याच धरणाचं पाणी अलीकडं पाईपलाईनने उदगीरला येतं. म्हणजे मामांचं शेत बुडालं आणि भाचीच्या नळाला पाणी आलं. मी चहाचे कप ठेवायला गेलो तेव्हा आई त्या मावशींच्या शेजारी बसून भाकरी थापत होती आणि विचारत होती, "तुमचं किती गेलं?" त्या सांगत होत्या. तेवढ्यात ताई म्हणाली, "आई, तू फिरायला आलीस ना? बस की जरा." आई म्हणाली, "बसलेच हाय की."

आता माझा भाग. मी थेरगावला राहतो. पिंपरी-चिंचवडला पिण्याचं पाणी मुख्यतः याच धरणातून मिळतं. इथून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात, तिथून आमच्याकडं. धरणातून थेट बंद पाईपने पाणी न्यायला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघं गेले. तेव्हा मी तेरा वर्षांचा, उदगीरला. पुढं 2019 च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर. बादली भरून ठेवा म्हणून वैतागलेल्या दोस्तांमध्ये मी एकटाच निवांत होतो. दिवसाआड म्हणजे आमच्याकडं चैन! पण आपण पितो ते पाणी कुठलं, हा प्रश्न मला त्या दिवशीपर्यंत पडला नव्हता. टीमबरोबर आलो तेव्हा तर अजिबात नाही. तेव्हा आम्ही शेकोटीवर पनीर भाजत होतो.

जेवणं झाली. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात. साडेनऊला शेजारच्या कॅम्पमधून स्पीकर सुरू झाला. धडाम धडाम. माझ्या सातव्या आवृत्तीत "शांतता" नावाचा रकानाच नव्हता, हे तिथं लक्षात आलं. (तुम्ही तो टाका. शनिवार टाळून रविवारी मुक्काम केला तर बराच फरक पडतो.) आई, ताई, भाची खोलीत झोपल्या. दाजी तंबूत शिरले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. स्पीकर अकराच्या सुमारास थांबला. मी बाहेर आलो तर अण्णा शेकोटीपाशी वाकळ पांघरून पाण्याकडं बघत बसलेले.

"झोपला नाहीत?"

"बघायलाव. हे भरलं की किती असतंय?"

म्हटलं, साडेआठ टीएमसी. "लिटरात सांग," म्हणाले. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर, असं मी मोबाईलवर बघून सांगितलं. मोबाईलमध्ये गुणाकार करेपर्यंत त्यांचा तोंडी झाला होता. "चोवीस हजार कोटी. वर थोडं." मग थोड्या वेळाने, "लातूरला रेल्वेनं एका खेपेला किती आणायलते?"

हे मला न बघता आठवत होतं. 2016 ला मी लातूरला बारावीला होतो. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणी यायला लागल्या, खेपेला 25 लाख लिटर.

अण्णा बोटांवर काहीतरी करत होते. "शहाण्णव हजार खेपा," म्हणाले. "ह्या एका तळ्यातनं."

मी दुसऱ्या दिवशी कॅल्क्युलेटरवर तपासलं. 96 हजारांच्या थोडं वरच येतं. मुनीम तो मुनीमच.

त्यावर आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण त्या एप्रिलचं एक प्रकरण आमच्या दोघांत आहे. माझी सीईटी 5 मे ला होती. मेस बंद पडली, खोलीमालकाने पाणी तुमचं तुम्ही बघा म्हणून सांगितलं. बरीच पोरं गावी गेली. मला क्लास सोडायचा नव्हता. तेव्हा अण्णा दर रविवारी उदगीरहून एसटीने वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेऊन यायचे. उदगीरलाही तेव्हा काही गंगा वाहत नव्हती, एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी. बसस्टँडपासून माझ्या खोलीपर्यंत ते कॅन दोन हातात घेऊन चालत यायचे. चाळीस लिटरमध्ये मी आठवडा काढायचो.

एका रविवारी ते दुपारी आले. क्लास सुटून सगळी पोरं खाली उभी होती. घामाने भिजलेले, टोपी तिरकी झालेली, दोन्ही हातात कॅन. कुणीतरी विचारलं, "पाणीवाला आला का रे?" मी काही बोललो नाही. "माझे वडील आहेत" एवढे तीन शब्द बोललो नाही. आणि संध्याकाळी त्यांना म्हटलं, "अण्णा, पुढच्या वेळेपासून अंधार पडल्यावर येत जावा." ते पुढचे सगळे रविवार अंधार पडल्यावर आले आणि उशिराच्या बसने परत गेले.

शेकोटी विझत आली होती. अण्णा पाण्याकडं बघतच म्हणाले, "तू लई काळजी करायचास माझी. एवढ्या अभ्यासात बी म्हणालास, उन्हाचं येऊ नका, संध्याकाळचं या."

मला वाटलं आता सांगावं. दहा वर्षं होत आली, आता काय बिघडणार होतं? पण तोंड उघडलं तेव्हा मी म्हटलं, "चला अण्णा, गारठा वाढलाय." आणि वाकळ गोळा केली.

हे तिथं बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितोय. अण्णा हे वाचतील की नाही माहीत नाही. ताई वाचते. ताई, सांगू नकोस. मी सांगेन.

सकाळी धुकं होतं, ठरल्यासारखं. तुंग अर्धा दिसत होता. सगळ्यांचा एक फोटो काढला, त्यात आईच्या हातात चहाचा कप आहे आणि ती खरंच हसतेय. पोह्यांनंतर हिशोब झाला. कॅम्पवाल्या मावशींनी आईला इंद्रायणी तांदळाची एक पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत. आईने उरलेली शेंगदाण्याची चटणी डबा रिकामा करून त्यांना दिली. निघताना अण्णा त्या पोराला म्हणाले, "जमिनीचे कागद नीट सांभाळून ठेव, बाबा."

परतताना गाडीत मी विचारलं, कसं वाटलं? अण्णा म्हणाले, "बरं हाय. महाग हाय. पण बरं हाय." मग जरा थांबून, "आता तुम्ही या आमच्याकडं. येळवस आली की."

च्यायला, हे माझ्या कसं लक्षात नव्हतं? बाहेरच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, उदगीर, धाराशिवकडची गावंच्या गावं शेतात जातात. शहरात दुकानं बंद, रस्त्यावर शुकशुकाट. कडब्याची कोपी करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेजारी बोलावतो, आमच्यासारख्या मोंढ्यातल्या माणसाला तर चार-चार आमंत्रणं. दिवसभर ज्वारीत, तुरीत भटकायचं आणि अंधार पडला की परत. मी शेवटचा गेलो होतो त्याला सहा वर्षं झाली. दर वेळी रिलीज असतं.

यंदा रजा टाकली आहे. तिकिटं काढली आहेत. या ट्रिपचं शीट अण्णा करणार आहेत, म्हणजे करणारच नाहीत. मला सोपवलेलं काम एकच, मातीच्या बिंदगीत आंबील भरून शेतापर्यंत न सांडता न्यायची. भर दिवसा, सगळ्यांसमोर. मी हो म्हटलंय.